दादाशी राजकारणावर बोलणे सोडून द्यावे का?

हा प्रश्न घेऊन आलेल्या गृहस्थांचा थोरल्या भावाशी निवडणुकीपासून अबोला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मित्र आणि सहकारी यांच्याबाबतही हीच चिंता अनेक जण बोलून दाखवतात.

इतके पुरावे दाखवूनही दादा तसूभरही हलत नाही, ही त्यांची तक्रार होती. परंतु 1979 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मृत्युदंडाचे समर्थक आणि विरोधक यांना दोन्ही बाजूंचे तेच पुरावे वाचायला दिल्यावर, आपले मत अधिकच पक्के झाले, असे दोन्ही गटांनी सांगितले होते. म्हणून मी पुराव्यांची चर्चा बाजूला ठेवली आणि दादाचे हे मत कशातून बनले, एवढेच विचारले. त्यांना उत्तर देता आले नाही.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 साली एक नियम सुचवला होता: समोरच्याचे विचार आणि भावना, त्याचे समाधान होईल इतक्या अचूकपणे, त्यालाच सांगितल्याखेरीज आपला मुद्दा मांडायचा नाही. मी दादाची भूमिका घेतली आणि आम्ही त्याचा सराव केला. त्यांचे पहिलेच वाक्य होते, ‘म्हणजे तुझा नेता कधी चुकतच नाही, असेच ना?’ हा टोमणा होता, आणि तसे मी स्पष्टपणे सांगितले. बऱ्याच प्रयत्नांनंतर ते म्हणाले, ‘तुझी नोकरी गेली तेव्हा या पक्षानेच तुमची दखल घेतली, असे तुला वाटते का?’ हा प्रश्न मला मोलाचा वाटला, कारण त्यात चूक दुरुस्त करायला दादाला वाव होता.

प्रत्यक्षात दादाने ती दुरुस्त केलीच. नोकरी जाण्यापेक्षा, त्या काळात सुशिक्षित नातेवाइकांनी आपल्याला अडाणी ठरवले, हे त्याला अधिक लागले होते. त्या नातेवाइकांत धाकटा भाऊही होता. त्याने माफी मागितली, आणि मगच स्वतःची भूमिका मांडली. दादाने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मात्र मत बदलले नाही. ते बदलावे, अशी अपेक्षा मीही ठेवली नव्हती.

आवाज चढू लागला की निदान 20 मिनिटे थांबायचे आणि पुन्हा कधी बोलायचे ते सांगूनच उठायचे, असे दोघांनी ठरवले आहे. कोणाच्याही माणूसपणाचा अवमान होऊ लागला, तर मात्र तो विषय तिथेच थांबवण्याचा अधिकार दोघांनाही आहे.