लेकरांच्या हातचा खाऊ

ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा. चार वाजले की दोघं दुकानातल्या पाकिटासाठी हट्ट करतात. मुलीला तर सारखं ओट्यापाशी यायचं असतं. या दिवसांत त्यांच्यासोबत काय सोपं करता येईल?
— एक आई, परभणी

तिला येऊ द्या, आणि खरं काम द्या. कणकेचा गोळा हातात देऊन कोपऱ्यात बसवलं तर तेवढ्या लेकरालाही कळतं की आपल्याला बाजूला काढलंय. जे काम तिनं केलं नाही तर खाऊ अडेल, असं काम तिच्याकडं द्या. मी बालाघाटाच्या डोंगरातल्या अंगणवाडीत सेविका होते. स्वतः पिळलेलं, सोललेलं, मळलेलं ताटात आलं की न खाणारी मुलंसुद्धा खातात, हे तिथं रोज दिसायचं.

सध्या खरिपाचा भुईमूग निघतोय, बाजारात ओल्या शेंगा आल्यात. त्या आणा. धुण्याचं काम मुलीचं. शेंगेच्या जाळीत माती घट्ट बसलेली असते, म्हणून घमेल्यात पाणी घेऊन ती दोन्ही हातांनी चोळू द्या, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग मीठ घालून कुकरला तीन-चार शिट्ट्या. वाफ जिरेपर्यंत मुलं कुकरपासून लांब. शेंगा कोमट झाल्या की परातीभोवती बसा. चोचीवर अंगठा दाबला की शेंग उकलते, पण साडेचार वर्षांच्या अंगठ्यात सुरुवातीला तेवढा जोर नसतो. तेव्हा तिच्या हातातून शेंग काढून घेऊ नका. टोक तुम्ही फोडा, उघडायची तिनं. मात्र ती पाच वर्षांची होईपर्यंत अख्खा दाणा तोंडात नको, तिला दाणे बारीक चेचूनच द्या. काळपट, बुरशीच्या शेंगा मात्र आधीच निवडून फेका, आणि दाणा कडू लागला तर लगेच थुंकायला शिकवा. बुरशीमुळं दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं आणि ते नुसत्या उकडण्या-भाजण्यानं जात नाही.

दुसरा माझा आवडता खाऊ म्हणजे आपली सुशीला. मुरमुरे चाळणीत घेऊन पाण्यात बुडवायचे, लगेच वर काढायचे आणि मूठमूठ पिळायचे. हे पिळणं मुलीकडं द्या. चिंब राहिले तर लगदा होतो, फार दाबले तर चुरा. हाताला ते चार-दोन मुठींतच समजतं, तोंडानं कितीही सांगितलं तरी समजत नाही. मुलाला खलबत्त्यात भाजलेल्या दाण्यांचा कूट करू द्या आणि कात्रीनं कोथिंबीर कातरू द्या. फोडणी तुमची: मोहरी, जिरं, कांदा, हळद, आणि मिरची मोठे तुकडे करून, म्हणजे मुलांच्या ताटातून काढता येईल. चार वाट्या मुरमुऱ्यांना पाव वाटी डाळव्याचं पीठ आणि तेवढाच कूट. मीठ, चिमूटभर साखर, वरून लिंबू. गरम-गरमच वाढा, गार सुशीला मुलं शिवत नाहीत.

पाकिटावरून भांडू नका. चारची भूक खरी असते, तेव्हा पावणेचारला हात धुऊन कामाला लागा, म्हणजे चारला वाटी समोर असेल. नवरात्रात फुलोऱ्यासाठी कडाकण्या लाटायलाही दोघांना बसवा, तळण मात्र तुमच्याकडं. वेड्यावाकड्या कडाकण्या देवीला चालतात.

सीताफळाचा गर मुलांसोबत काढायचा आहे, पण बियांची भीती वाटते. शिवाय दुधात शिजवलं की कडवट का होतं?
— एक बाबा, अंबाजोगाई

तुमच्या गावात सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्या लेकरांनी सीताफळ नुसतं खाऊ नये, ओळखावंही असं मला मनापासून वाटतं. फळाचे डोळे उघडले, फटी पिवळसर-पांढऱ्या दिसायला लागल्या की ते उतरवण्याजोगं झालं. घरी आणून पोत्यात किंवा गवतात ठेवा, आणि रोज हलक्या हातानं दाबून पाहायचं काम मुलांना द्या. एकाच दिवशी सगळी पिकत नाहीत, आणि त्या वाट पाहण्यातही मुलांना गोडी असते.

गर मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया फुटतात. मोठ्या भोकांच्या चाळणीवर गर टाकून मुलांनी स्वच्छ बोटांनी गोल-गोल चोळावा. खाली मलईसारखा गर पडतो, वर काळ्याभोर बिया उरतात. अख्खी बी चुकून पोटात गेली तर तिचं कवच टणक असतं, ती तशीच बाहेर पडते. पण बी गिळल्यावर मूल खोकायला लागलं, श्वास घेताना आवाज यायला लागला, तर ती श्वासनलिकेत गेलेली असू शकते. वाट न पाहता दवाखाना गाठा. मुलं वाळलेल्या बिया दगडानं फोडतात, तेही होऊ देऊ नका. तो चुरा डोळ्यांत गेला तर डोळ्यांना मोठी इजा होते. उवांवर म्हणून ही पूड केसांना लावायची चाल आहे, ती सुद्धा याच कारणानं सोडावी.

गर तापला की कडवट होतो, म्हणून तो शिजवायचाच नाही. दूध आटवा, साखर घाला, पूर्ण गार करा आणि मग गर मिसळा. कोजागरीला मसाल्याच्या दुधाऐवजी हे करून पाहा. वेलची वगैरे काही लागत नाही, सीताफळाचा वास पुरतो.

नातू दोन वर्षांचा आहे. दाण्याचा लाडू द्यावा का?
— एक आजी, लातूर

द्या, पण दाणा अख्खा नको आणि अर्धाही नको, पाच वर्षांचा होईपर्यंत. तो घशात अडकतो. कूट अगदी बारीक करा. वाटीभर कुटाला पाऊण वाटी किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळा, लाडू मऊच वळा. नातवाला बोराएवढी गोळी करून द्या, आणि ती त्याच्याकडूनही वळून घ्या. दाणे त्यानं आधी कधीच खाल्ले नसतील तर पहिल्या दिवशी नखभरच, आणि अंगावर पुरळ, ओठाला सूज, उलटी असं काही होतं का ते बघा. तसं झालं तर पुन्हा देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास व्हायला लागला तर तडक दवाखान्यात न्या. खाताना त्याला मांडीवर किंवा पाटावर बसवा, पळता-पळता घास नको.