स्टेलॅरियममध्ये शहरातलं आकाश खरंखुरं कसं दिसेल?

तुमचा प्रश्न असा: ठाण्याच्या गच्चीतून मोजके तारे दिसतात, पण लॅपटॉपवर स्टेलॅरियम (आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं की हजारोंचा सडा पडतो, त्यावर नावांची गर्दी, आणि मृग सोडला तर काहीच ओळखू येत नाही.

एफ4 दाबा. पहिल्याच ‘स्काय’ टॅबमध्ये सगळी गोम आहे. बहुतेक जण इथे ‘अ‍ॅब्सोल्यूट स्केल’ कमी करत बसतात. त्याने ताऱ्यांचे ठिपके बारीक होतात, पण शहराचं आकाश तयार होत नाही. तो आकडा आणि ‘रिलेटिव्ह स्केल’ आहेत तसेच राहू द्या. बदलायचं ते ‘लाइट पोल्युशन’. बोर्टल मापात 1 म्हणजे निबिड अंधार आणि 9 म्हणजे महानगराचा मध्यभाग. ठाण्यासाठी 8 किंवा 9 ठेवून पाहा. मात्र वातावरण चालू हवं (‘ए’ ही कळ). ते बंद असेल तर प्रकाश प्रदूषणाचा आकडा कितीही फिरवा, आकाश काळंकुट्टच राहतं.

‘लिमिट मॅग्निट्यूड’ची टिकही अनेकांना सोपी वाटते. ती सरळ कात्री आहे: 4 लिहिलंत तर चौथ्या प्रतीपुढचे तारे सगळीकडून सारखेच गायब (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). प्रत्यक्षात डोक्यावर दिसणारा तारा क्षितिजाजवळ हवेच्या जाड थरामुळे दिसेनासा होतो, आणि हा फरक वातावरण चालू असेल तरच येतो. म्हणून ही टिक छापील नकाशा काढतानाच वापरावी.

आकडा जुळला का, हे आकाशालाच विचारा. हिवाळ्यात कृत्तिका उत्तम. सहा तारका मोजता आल्या तर तुमची मर्यादा निदान 4.3 प्रतीची, कारण सहावी तारका तेवढी मंद आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सप्तर्षी घ्या: अत्री 3.3 प्रतीचा, वसिष्ठाशेजारची अरुंधती 4.0. अत्री दिसतो आणि अरुंधती दिसत नाही, तर मर्यादा या दोहोंच्या मध्ये. पडद्यावरही तेच दिसेपर्यंत लाइट पोल्युशन एकेक पायरी हलवा. झूम मात्र करू नका, आत शिरलात की सॉफ्टवेअर आपोआप आणखी मंद तारे दाखवतं आणि तुलना फसते.

नावांची गर्दी तीन ठिकाणांहून येते, म्हणून एका जागी कमी करून भागत नाही. ताऱ्यांच्या नावांची पट्टी ‘स्काय’मध्ये, ग्रहांची ‘एसएसओ’मध्ये, तेजोमेघ-गुच्छांची ‘डीएसओ’मध्ये. ‘डीएसओ’मध्ये नावं आणि खुणा यांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत, दोन्ही खाली आणा. ‘एसएसओ’तच चंद्र मोठा दाखवायची टिक असते. ती काढाच! ती असेल तर चंद्र मूळ आकाराच्या चौपट दिसू शकतो आणि चंद्राने न झाकलेला ताराही झाकल्यासारखा वाटतो. पिधान (चंद्राने तारा झाकणं) पाहायचं असेल तर सगळं वेळापत्रकच चुकेल.

‘लँडस्केप’ टॅबमध्ये देखावा बदलला की निरीक्षणस्थळही बदलण्याची सोय आहे. ती चालू असताना गेरॅं हा मूळ देखावा निवडलात तर तुम्ही थेट फ्रान्समध्ये पोचाल. एफ6 मध्ये ठाणे आहे ना, ते एकदा पाहून घ्या.

लॅपटॉप वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी नेणार असाल तर तिथे लाइट पोल्युशन खाली आणून पुन्हा कृत्तिका मोजा. कंट्रोल+एन दाबलं की पडदा लाल होतो, पण विंडोची पट्टी आणि टास्कबार पांढरेच राहतात, म्हणून आधी एफ11 ने पूर्ण पडदा करा आणि लॅपटॉपचा प्रकाशही किमान पातळीवर आणा. नुसत्या लाल रंगावर विसंबू नका; अंधाराला सरावलेले डोळे एका झळाळीत बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. डायगोनलवाली (आयपीसआधी तिरका आरसा असलेली) दुर्बीण असेल तर कंट्रोल+शिफ्ट+एच ने चित्र आडवं उलटवा, म्हणजे आयपीसमधल्या दृश्याशी जुळेल.

हे सगळं झाल्यावर एफ2 मध्ये जाऊन सेटिंग्ज सेव्ह करा, नाहीतर पुढच्या वेळी बरंचसं पुन्हा करावं लागेल. सेव्ह करण्याआधी लाल पडदा आणि उलटवलेलं चित्र मात्र बंद करून ठेवा.