पुण्याजवळ ग्रॅव्हल सायकलसाठी डोंगर, जंगल, नदीकाठचे कच्चे रस्ते कुठे सापडतील?

तुम्ही विचारलंय की नवीन ग्रॅव्हल सायकल (रोड बाइकसारखंच हँडल, पण कच्च्या रस्त्यासाठी जाड टायर) घेतली, राहायला पुण्यात, हायवे नको, दिवसाला ५०-६० किमी जमतात, तर कुठं जायचं आणि त्यासाठी एमटीबीच (डोंगरी वाटांची माउंटन बाइक) लागते का. मी सहा-सात वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. परदेशातल्या व्हिडिओत दिसतो तसा बारीक खडीचा, मैलोन्‌मैल सरळ जाणारा रस्ता इथं शोधू नका, तो नाहीये. आपल्याकडं आहे तो मुरमाचा रस्ता, बैलगाडीची वाट, कालव्याच्या कडेचा रस्ता, पवनचक्क्यांसाठी डोंगरावर नेलेला रस्ता. आणि तो सापडायची युक्ती साधी आहे, एक नदी पकडायची आणि तिच्या उगमाकडं जायचं. मावळ म्हणजे मुळात नदीचं खोरंच, आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, प्रत्येकाची नदी वेगळी. खाली डांबरी रस्ता, मग धरण, मग बॅकवॉटरच्या कडेनं अरुंद होत जाणारा रस्ता, मग शेवटचं गाव जिथून एसटी परत फिरते, आणि त्याच्या पुढं कोकणाचा कडा. आपल्या कामाचा भाग म्हणजे धरणापासून कड्यापर्यंतचा. मी पहिली दोन वर्षं गावांची नावं बघून रूट बनवायचो आणि दर वेळी डंपरच्या मागं धूळ खात बसायचो, नदी धरायला लागलो तेव्हा सगळं बदललं.

सुरुवात नाणे मावळातून करा असं मी मनापासून सांगेन. कामशेतवरून नाणे, गोवित्री, करंजगाव करत जांभवली, एका बाजूनं पंधरा-सोळा किमी. यातला बराचसा रस्ता आता पक्का आहे पण आजूबाजूला शेतांकडं, वाड्यांकडं जाणारे मुरमाचे फाटे भरपूर आहेत, तिथं मनसोक्त फिरा. दोन्ही बाजूंना भातखाचरं, ऑक्टोबरच्या शेवटी भात पिकलेला असतो तेव्हा सकाळी सगळ्या खोऱ्यात इंद्रायणी तांदळाचा वास असतो (हे वाणच इथलं, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं). जांभवलीच्या पुढं कोंडेश्वराचं देऊळ आणि गर्द झाडी, सायकल तिथंच थांबवा. पुढची ढाक बहिरीची वाट कड्यावरून जाते, तो वेगळा आणि खरोखर धोक्याचा विषय आहे, सायकलच्या शूजमध्ये तर अजिबात नको.

पण माझं सगळ्यात जास्त प्रेम आंदर मावळावर. कान्हे फाट्यावरून टाकवे, वडेश्वर आणि मग ठोकळवाडी धरणाचा जलाशय बाजूला ठेवत खांडीकडं. हे टाटांचं धरण आहे आणि इथलं पाणी खाली कोकणात भिवपुरीला सोडून १९२२ पासून वीज बनते, म्हणजे जो पाऊस इंद्रायणी-भीमेतून पार बंगालच्या उपसागराला गेला असता तो कडा उतरून उल्हास नदीत जातो. खांडीच्या पुढं कुसूरच्या पठारावर उभं राहून एका बाजूला तो जलाशय आणि दुसऱ्या बाजूला कर्जतकडचा खोल उतार बघितला की हे नीट कळतं. मी पहिल्यांदा पोचलो तेव्हा अर्धा तास नुसता बसून होतो, डबा पण उघडला नाही. एकच सांगतो, कडेला धुकं असेल तर सायकलवरून उतरा आणि कडा जिकडं आहे त्याच्यापासून लांब राहा, कुसूर घाटाची जुनी वाट इथून खाली उतरते पण ती पायी माणसांची आणि जनावरांची आहे, चाकांची नाही.

बॅकवॉटरच्या रूटबद्दल एक अनुभव, हा तुम्हाला कुठल्या अ‍ॅपवर मिळणार नाही. एकदा ऑक्टोबरमध्ये मी मॅपवर ठळक दिसणारी वाट धरून चाललो होतो आणि ती सरळ पाण्यात शिरली, पलीकडं शंभर मीटरवर तीच वाट वर आलेली दिसत होती. तिथं ट्रॅक्टर धूत असलेल्या एका काकांनी सांगितलं, "ही वाट फेब्रुवारीनंतरची, आता धरण भरलंय." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सॅटेलाइट फोटो उन्हाळ्यातला असला की त्यात वाटा दिसतात, दिवाळीत त्या पाण्याखाली असतात. उलट मार्च ते मे मध्ये पाणी उतरतं आणि जुन्या वाटा, बांध, कधी देवळं पण बाहेर येतात, पवना धरणातलं वाघेश्वराचं देऊळ असंच उन्हाळ्यात उघडं पडतं. त्यामुळं एकच खोरं वर्षातून दोनदा केलं तरी दोन वेगळे रूट होतात.

राजमाची बऱ्याच जणांनी सुचवली असेल. लोणावळ्याहून तुंगार्ली मार्गे उधेवाडीपर्यंत १५-१६ किमी, बराचसा जंगलातून जाणारा खरा कच्चा रस्ता, शेवटी राजमाची किल्ल्याचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले. रस्ता फार सुंदर आहे पण पावसाळ्यात जीपच्या चाकोऱ्यांत गुडघाभर चिखल होतो आणि काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर-जूनमध्ये, गाड्यांची इतकी गर्दी असते की मला तिथं जावंसं वाटत नाही. डिसेंबरमध्ये मधल्या वारी पहाटे निघा. साताऱ्याकडं जायची तयारी असेल तर ठोसेघरच्या वरचं चाळकेवाडीचं पठार, तिथले पवनचक्क्यांचे लाल मातीचे रस्ते रुंद आणि चढाला सुसह्य आहेत, वारा मात्र समोरून आला की रडवतो. सप्टेंबरमध्ये सड्यावर, म्हणजे या खडकाळ पठारावर, फुलं असतात, रस्ता सोडून चाक घालू नका, ती पातळ माती तयार व्हायला फार काळ लागलाय. कोयना, भीमाशंकर ही अभयारण्यं, आतल्या वाटांवर वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका.

आता सायकल. एमटीबी लागत नाही, टायर मात्र ४० मिमीच्या पुढचे घ्या, बसत असतील तर ४५, आणि ट्युबलेस कराच (आत ट्यूब नाही, त्याऐवजी बारीक भोकं आपोआप बुजवणारा द्रव, सीलंट). मावळात फुटलेल्या काळ्या दगडाला धार असते, नवीन टाकलेल्या खडीवर माझा टायर बाजूनं उभा चिरला होता, सीलंट सगळं बाहेर, गावापासून आठ किमी. जुन्या टायरचा तुकडा आतून लावून आणि ट्यूब घालून घरी आलो, तेव्हापासून तो तुकडा बॅगेत कायम असतो. देशावर कालव्याच्या रस्त्यांवर दगड कमी पण सराटे आणि बाभळीचे काटे, तिथं सीलंटचं काम होतं. गिअर हलके हवेत, पुढच्या चक्राला ३० दाते, मागच्या मोठ्या चक्राला ३४ असं काहीतरी, कारण पाबे घाटासारखा चढ आला की कळतं. आणि ५०-६० चा हिशोब डांबरावरचा आहे, इथं ताशी १२-१३ धरा, पहिल्यांदा ३५ किमी भरपूर झाले.

सीझन म्हणाल तर दिवाळी ते फेब्रुवारी. पावसानंतर मुरूम दबून घट्ट बसतो, मार्चपासून त्याचा फुफाटा व्हायला लागतो आणि उतारावर पुढचं चाक बुडतं. आणि खरंच लवकर जा, यातले रस्ते दर वर्षी थोडे थोडे सिमेंटचे होत चाललेत. गावातल्या माणसांना दवाखान्याला, शाळेला जायला तो रस्ता हवाच आहे, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, फक्त आज जे कच्चं आहे ते पुढच्या वर्षी तसंच असेल असं धरू नका, आधी कोणालातरी विचारून घ्या.

धनगरवाड्याजवळ कुत्री अंगावर आली तर पळवू नका सायकल, उतरून सायकल कुत्र्यांच्या आणि आपल्या मध्ये धरून चालत राहा, मालक हाक मारतोच. परतीला उशीर झाला तर कान्हे आणि कामशेत दोन्हीकडं पुणे-लोणावळा लोकल थांबते, सायकलचं सामानाचं तिकीट काढा. आणि नोव्हेंबरमध्ये गेलात तर बांधावरच्या वाटेनं डोक्यावर भाताचे भारे घेऊन माणसं येत असतात, त्यांना पुढचं दिसत नाही, लांबूनच आवाज द्या आणि खाली उतरून वाट द्या.