चाकू पुसला म्हणजे झालं असं नाही

प्रश्न : टोमॅटोची चार-पाच झाडं खुरटलीत, शेंड्याची पानं बारीक आणि वेडीवाकडी झालीत. बुरशीनाशक मारून झालं, कीटकनाशक मारून झालं, फरक शून्य. एकजण म्हणाला व्हायरॉइड असेल. म्हणजे व्हायरसच ना?

उत्तर : नाही, आणि हा फरक समजला की बाकीचं बरंच आपोआप समजतं. व्हायरसला निदान प्रोटीनचं कवच तरी असतं, व्हायरॉइड म्हणजे नुसता आरएनएचा, म्हणजे पेशीत माहिती वाहून नेणाऱ्या रेणूचा धागा, दोन्ही टोकं जोडून गोल झालेला, आणि त्यात एकाही प्रोटीनची माहिती नाही. बटाट्याचे कंद चातीसारखे लांबुळके करणारा व्हायरॉइड फक्त 359 अक्षरांचा (म्हणजे आरएनएच्या तेवढ्या कड्यांचा) आहे, म्हणजे मोबाईलवर एखादा लांबट मेसेज टाइप करतो ना, तेवढा. थिओडोर डायनर हे शास्त्रज्ञ अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला याच बटाट्याच्या रोगाचा व्हायरस शोधत होते, पण सेंट्रिफ्यूजमध्ये कितीही फिरवलं तरी तो व्हायरससारखा तळाला बसेचना, आणि आरएनए तोडणारं एन्झाइम घातलं की मात्र रोग लावायची ताकद संपायची. शेवटी 1971 मध्ये त्यांनी या प्रकाराला व्हायरॉइड हे नाव दिलं. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण इतकी छोटी, प्रोटीनशिवायची गोष्ट रोग करू शकते हे तेव्हा मानायला कुणी सहज तयार नव्हतं.

आता स्वतःकडे काहीच नाही तर तो वाढतो कसा, तर झाडाचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या कॉप्या काढून घेतो. झाड बचावासाठी त्या आरएनएचे बारीक तुकडे करतं आणि काही वेळा तेच तुकडे झाडाच्या स्वतःच्या जीन्सना गप्प करतात. पीचच्या पानांवर पांढरट चट्टे येतात ते असेच. त्यामुळे याच्यावर फवारणीचं औषध नाही, कृपया अजून पैसे घालवू नका. पण नुसतं पान बघून व्हायरॉइडच म्हणू नका, व्हायरसने आणि उडून आलेल्या तणनाशकानेही पानं अशीच होतात. आरटी-पीसीआर करून घ्या, कोविडमुळे सगळ्यांना पाठ झालेली तीच टेस्ट. तोपर्यंत त्या झाडांना हात सगळ्यात शेवटी लावा.

प्रश्न : मी छाटणी करताना दर झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसते. पुरेसं आहे का?

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी योग्य आहे, पण याच्यासाठी स्पिरिट चालत नाही. लॅबमध्ये आरएनए जपून वेगळा काढायलाच अल्कोहोल वापरतात! त्याने व्हायरॉइड मरत नाही, पात्यावर तसाच राहतो. पात्यावर जो चिकट हिरवट रस वाळतो ना, प्रवास त्यातूनच होतो. आधी तो रस घासून काढा, मग घरगुती ब्लीच 1 भाग आणि पाणी 9 भाग अशा द्रावणात पातं मिनिटभर बुडवा. दोन कात्र्या ठेवल्या तर एक भिजत असताना दुसरीने काम चालू राहतं. द्रावण रोज ताजं करा, रस मिसळून गढूळ झालं तर त्याआधीच, आणि काम संपल्यावर पाती धुऊन तेल लावा, नाहीतर गंज चढतो.

प्रश्न : लिंबूवर्गातलं एक जुनं झाड एकदम तब्येतीत आहे. त्याचे डोळे काढून कलमं करू?

उत्तर : टेस्टशिवाय नको. एक्सोकॉर्टिस या लिंबूवर्गातल्या रोगाचा व्हायरॉइड काही झाडांत वर्षानुवर्षं काहीही न दाखवता बसतो, आणि त्याच झाडाचा डोळा ट्रायफोलिएट या लिंबूवर्गीय जातीच्या खुंटावर भरला की काही वर्षांनी खुंटाची साल तडकून सोलायला लागते, झाड बुटकं राहतं. तोवर त्या एका झाडाची शेकडो कलमं गेलेली असतात. मातृवृक्षाची एक टेस्ट त्यापुढे काहीच नाही.

प्रश्न : अशी फळं खाल्ली तर माणसाला काही होतं का?

उत्तर : नाही, व्हायरॉइडचे रोग झाडांनाच होतात. पण झाडांचं जे होतं तेही थोडं नाही. फिलिपाइन्समध्ये कडांग-कडांग या व्हायरॉइडच्या रोगाने नारळाची कोट्यवधी झाडं गेली, आधी फळं लहान आणि गोल होतात, मग फळं धरणंच थांबतं, झावळ्या पिवळ्या पडतात आणि झाड काही वर्षं तसंच उभ्या-उभ्या मरत राहतं. तो व्हायरॉइड आहे 246 अक्षरांचा.