रोज ऑफिसला न्यायला जुनी अमेरिकन गाडी? मस्टँग सोडा, चार दारांची डार्ट घ्या

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहतो, दहा हजार डॉलरच्या आत रोज ऑफिसला नेता येईल अशी क्लासिक अमेरिकन गाडी कोणती, आणि साठच्या दशकातली मस्टँग कशी.

मस्टँग सोडा. डॉज डार्ट किंवा प्लिमथ व्हॅलियंट घ्या, दोन्ही क्रायस्लर कंपनीच्याच. चार दारांची, सहा सिलिंडरची, ऑटोमॅटिक, १९६७ ते १९७५ मधली. माझी १९६९ ची डार्ट आहे. फ्रीमाँटहून सॅन होजेला मी तिनेच ऑफिसला जातो, म्हणून ठामपणे सांगतोय.

१९६७ च्या आधीची का नको? त्या गाड्यांना ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग, एकेरी असायचा. कुठेही एक गळती झाली की पेडल थेट तळाला आणि चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ पासून डार्टला पुढच्या आणि मागच्या ब्रेकची सोय वेगळी आली. आणि १९७५ नंतरची नको, कारण कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे धुराची सरकारी तपासणी, लागत नाही.

मस्टँगचं म्हणाल तर १९६४ च्या एप्रिलमध्ये ती आली तीच फोर्ड फाल्कनच्या सांगाड्यावर. तुम्ही नावाचे पैसे मोजता. दहा हजारांत जी मिळेल तिच्यात बहुधा गंजावर पुट्टी थापून वरून रंग मारलेला असेल. पुढच्या काचेखालच्या जाळीतून पाणी मुरतं, आतला पत्रा सडतो आणि ओल थेट पायाशी येते. फोर्डच हवी असेल तर फाल्कन बघा, तीही १९६७ नंतरची. पण दोन दारांच्या मागे धावू नका. चार दारांच्या गाडीला हौशी लोक नाक मुरडतात, म्हणूनच ती स्वस्त मिळते आणि बऱ्याचदा एकाच घरात नीट सांभाळलेली असते.

आता डार्टच का, ते सांगतो. तिचं इंजिन ३० अंश कलतं बसवलेलं आहे, म्हणून त्याला स्लँट सिक्स म्हणतात. २२५ घनइंच, म्हणजे ३.७ लिटर, बिडाचा ब्लॉक, फोर्ज केलेला क्रँक. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट, मात्र अधूनमधून सेट करावी लागते. गरम इंजिनवर इनटेक व्हॉल्व्हला ०.०१० आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.०२० इंच, फीलर गेज म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या घेऊन घरी करता येतं. गॅलनला १८-२० मैल मिळतात. माझे काका कुर्ल्याला प्रीमियरमध्ये फिटर होते. वालचंद हिराचंदांच्या त्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या. क्रायस्लरच्या इंजिनाबद्दल त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द ऐकला नाही.

हे सगळं माझ्या साडूंना पटत नाही. ते सॅक्रामेंटोला असतात. प्रत्येक गणपतीला, प्रत्येक बारशाला चार लोकांत सांगतात, ‘याची जुनी गाडी ऐन वेळी बंद पडली आणि मला विमानतळावरून उबर करून यावं लागलं.’ गाडी बंद पडली नव्हती. काय झालं ते इथे लिहितो, कारण तुमच्या उपयोगाचं आहे.

त्या दिवशी टायर बदलायला गाडी एका दुकानात दिली होती. त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांना डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे आटे उलटे असतात. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये, हा त्यामागचा विचार. पुढे सत्तरच्या दशकात कंपनीने ही पद्धत सोडली. चाकाचा नट ज्या बोल्टवर चढतो त्या स्टडच्या टोकावर बारीक ‘एल’ अक्षर ठोकलेलं असतं. मी काउंटरवरच्या माणसाला हे सांगितलं, त्याने मान डोलावली, आणि आत काम करणाऱ्या पोराला काही सांगितलं नाही. पोराने नेहमीसारखी नट सोडवायची गन लावली आणि ट्रिगर दाबला. म्हणजे नट सैल व्हायच्या ऐवजी आवळत गेला. कट्ट. त्याला वाटलं गंजलाय, म्हणून पुढचा. कट्ट. मी आवाज ऐकून आत धावलो तोवर मागच्या डाव्या चाकाचे पाचपैकी तीन स्टड तुटून जमिनीवर पडले होते.

वर मलाच ऐकवलं, ‘साहेब, जुनी गाडी आहे, असं व्हायचंच.’ साडूंचं विमान उतरलेलं. दोन स्टडवर गाडी रस्त्यावर काढण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना फोन केला, ते उबरने आले, आणि तेव्हापासून ही कथा चालू आहे.

तिच्या पुढचा भाग साडू कधी सांगत नाहीत. गाडी टो करून घरी आणली, ड्रम काढला, तुटलेले स्टड हातोडीने मागे ठोकून बाहेर काढले. नवे मागून घातले, वायसर लावून नट उलटा चढवला आणि आवळून ते ओढून बसवले. स्टड पार्ट्सच्या दुकानात चार-पाच डॉलरला एक मिळतो, पन्नास वर्षांच्या गाडीचा! जेवणाआधी चाक लागलं होतं. दोष दुकानाचा होता, आणि गाडी संध्याकाळच्या आत घरच्या घरी दुरुस्त झाली. रोजच्या गाडीबद्दल याहून जास्त कुणी काय मागावं?

तसंच बॅलास्ट रेझिस्टरचं, म्हणजे इग्निशनकडे जाणारी वीज कमी करणाऱ्या भागाचं. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, स्क्रूने बसवलेला पांढरा चिनीमातीचा तुकडा असतो. स्टार्टर फिरतोय तोवर इंजिन पेटतं आणि चावी सोडली की लगेच मरतं, असं झालं तर हाच गेलाय. एक जादा आणि एक स्क्रूड्रायव्हर ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा. भर चौकात पाच मिनिटांत बदलतो.

बघायला जाल तेव्हा काका सांगायचे तसं करा: बॉनेट नंतर उघडा, आधी गाडीखाली झोपा. पुढच्या सीटखाली जो आडवा पत्र्याचा बीम आहे, त्यात टॉर्शन बारची, म्हणजे पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांची, मागची टोकं अडकवलेली असतात. तो गंजलेला असेल तर गाडी कितीही चकचकीत असो, परत फिरा. चटई उचलून पायाखालचा पत्रा दाबून बघा, चाकांवरच्या कमानींना लोहचुंबक लावून बघा. मिशिगन-ओहायोकडची, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ खाल्लेली गाडी इकडे विकायला आली असेल तर नकोच. आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप पहिल्याच आठवड्यात बदला, आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ते खातं.

काही गोष्टी मात्र नीट समजून घ्या. एअरबॅग नाही, एबीएस नाही. माझ्या गाडीला चारही ड्रम ब्रेक आहेत, पावसात एका बाजूला ओढतात, म्हणून पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो. तुम्हाला १९७३ नंतरची, पुढे डिस्क असलेली मिळाली तर तीच घ्या. मागच्या सीटला फक्त कमरेचा पट्टा असतो. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी दुसरी गाडी हवीच. एवढं साडूंचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आमच्याकडेही मुलं दुसऱ्याच गाडीतून जायची.

विम्याचं आधी विचारून घ्या. स्वस्तातल्या क्लासिक पॉलिसीत बहुतेक वेळा रोज ऑफिसला नेणं बसत नाही. साधी पॉलिसी घेतली तर अपघातात गाडीची किंमत किती धरणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. गाडीचा सौदा त्यानंतर करा.