फ्रॅक्चरनंतर कोपर आखडलंय, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने मोकळं होईल का?

बऱ्याचदा होतं, पण आधी कोपर नेमकं कशामुळे अडतंय ते कळायला हवं. रोजच्या बहुतेक कामांना साधारण ३० ते १३० अंशांमधली हालचाल पुरते (हात पूर्ण सरळ म्हणजे ० अंश). तुमची तेवढी होत असेल तर घाई करू नका. होत नसेल तरी आधी काही महिने व्यायाम आणि स्प्लिंट (हाताला बांधायची आधारपट्टी) नेटाने करून बघा. मात्र कुणाकडून जोर लावून हात ओढून किंवा चोळून घेऊ नका, त्याने कोपर आणखी आखडू शकतं.

दुर्बिणीने काम करताना लहान छिद्रांतून कॅमेरा आणि बारीक हत्यारं आत घालतात, सांध्यात सलाईन भरून जागा करतात. मग आकसलेलं आवरण सोडवतात, वाढलेली हाडाची टोकं घासतात, सुटे तुकडे काढतात. कोपराभोवती हाताच्या तिन्ही मोठ्या नसा (मज्जातंतू) अगदी चिकटून असतात, त्यामुळे हे काम गुडघ्याच्या दुर्बिणीपेक्षा बरंच नाजूक आहे. म्हणून ‘कोपराच्या अशा शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का?’ हे सर्जनना स्पष्ट विचारा. करंगळीला मुंग्या येत असतील किंवा करंगळीकडे जाणारी नस आधीच्या शस्त्रक्रियेत कोपरापाशी जागेवरून हलवलेली असेल, तर तेही आवर्जून सांगा.

सांध्याबाहेर स्नायूंत हाड तयार झालं असेल तर सहसा उघडी शस्त्रक्रियाच लागते.

आणि छिद्रं लहान असली तरी खरी मेहनत नंतरच असते: बहुधा दुसऱ्या दिवसापासूनच हात हलवायला लागतो, पुढे कित्येक आठवडे रोज.