बेळगावात राहून शिडाची छोटी होडी घेण्यात अर्थ आहे का?

आहे, पण लहानात लहान घ्या. समुद्र एवढा लांब असताना बेळगावात होडी घेऊन करायचं काय आणि घ्यायचीच तर घरचे चौघं बसतील अशी का नको, असं तुम्ही विचारलंय. चौघांचं आधी सांगतो. रविवारी पहाटे उठून ते चौघं दोनदा येतील. तिसऱ्या रविवारी ती जड होडी पाण्यात ढकलायला तुम्ही एकटेच असाल.

माझी लेझर नावाची होडी आहे, एका माणसाची. लांबी ४.२ मीटर, डोलकाठी-शीड सोडून नुसतं अंग ५९ किलोच्या आसपास, शीड एकच, सुमारे ७ चौरस मीटरचं. गोव्यात जुनी मिळाली. जुन्या बुलेटपेक्षा थोडी स्वस्त पडली. बोलेरो पिकअपमध्ये घातली, मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधलं आणि चोर्ला घाटातून वर आणली.

राकसकोपचं धरण डोक्यातून काढा, ते शहराच्या पिण्याचं पाणी. मी हिडकल धरणावर जातो. घटप्रभेचा फुगवटा मोठा आहे आणि काठाला आमच्या पाहुण्यांचं शेत आहे. होडी त्यांच्याच शेडमध्ये पालथी पडून असते. धरणाच्या पाण्यात उतरायचं तर परवानगी आधी आणि लेखीच घ्या.

वजनाचा मुद्दा मे महिन्यात कळतो. पाणी मागे मागे जातं, हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर उघडं पडतं आणि शेडपासून पाण्यापर्यंत नुसता काळा चिखल. त्यातून ५९ किलो दोघांनी उचलून नेतानाही चपला चिखलातच राहतात. पाणी चढतं-उतरतं तेव्हा मंदिराच्या बाजूला फिरकू नका. वरून दिसत नाही, पण खाली दगडी बांधकाम आहे. सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या पोटातून खाली पाण्यात सोडलेली उभी फळी, आपटला की होडी जागच्या जागी थांबते, आपण मात्र पुढे जातो.

वारा आपल्याकडे भरपूर. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा शिकाऊ माणसाचा नव्हे. मला आवडतात ते दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने. सकाळी पूर्वेचा बेताचा वारा असतो, पाणी काठोकाठ. वाऱ्यावर सरळ चालून जाता येत नाही, साधारण ४५ अंश तिरकं धरून घाट चढल्यासारखं नागमोडी जावं लागतं. शीड जरा जास्त ओढलं तर होडी कलते, जरा ढिलं सोडलं तर फडफडतं. त्या दोन्हींच्या मधे एक जागा सापडते. तिथे नाळेखाली, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखाली, पाणी खळखळायला लागतं आणि उद्यमबागेतल्या माझ्या वर्कशॉपमधला बिलांचा गठ्ठा आठवत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग काळे व्हायला लागले की मुकाट्याने काठाला या. वळवाच्या विजेत पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमची ॲल्युमिनियमची डोलकाठी.

आधी शिकून घ्या, दोनापावलाला जाऊन का होईना. उलटलेली होडी सेंटरबोर्डवर उभं राहून सरळ करायला हातानेच शिकावं लागतं. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यालाही हवंच. तुमचं वजन ६५ किलोच्या आत असेल तर लेझरच्या त्याच अंगाला आखूड डोलकाठी आणि लहान शीड लागतं, ते घ्या. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट नावाची छोटी होडी बरी, ३५ किलोची.

देखभालीचं फार नाही. शीड घडी न घालता गुंडाळा आणि उंच टांगा. माझं पहिलं शीड उंदरांनी कुरतडलं. सुकाणूच्या पिना मी माझ्याच लेथवर स्टेनलेसच्या केल्या.

एक फजिती सांगतो. लेझरचं अंग पोकळ असतं आणि मागे पाणी काढायला एक बूच असतं. पहिल्याच दिवशी ते पिकअपच्या डॅशबोर्डवर राहिलं. अर्धा तास मी वाऱ्याला शिव्या देत होतो, होडी म्हशीसारखी जड. शेवटी बुट्टीसारख्या गोल होडीतून जाळं टाकणाऱ्या मामांनी लांबूनच हाक दिली, "वो, तुमची शेपूट बुडालीय की!" काठाला आणून तिरकी केली तर पाणी संपेचना. मामा विडी ओढत बघत बसलेले.

दुसऱ्या दिवशी नायलॉनची दोन जादा बुचं खरादून घेतली. एक पाहुण्यांच्या शेडमध्ये खिळ्याला आहे, दुसरं पिकअपच्या किल्लीला.